‘व्यसन’ आणि ‘देहभान’ : लैंगिक आरोग्यविषयक मराठी गद्याची शब्दचिकित्सा

लैंगिक आरोग्याविषयी मराठीत गेल्या शंभर वर्षांत जे गद्य निर्माण झाले, त्याची चर्चा निघाली की ती बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते. लेखकाने धाडस किती दाखविले हा एक, आणि त्याने लिहिले ते शास्त्रीय की अश्लील हा दुसरा. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु पहिला चरित्रकाराचा आहे आणि दुसरा न्यायालयाचा. भाषेच्या अभ्यासकास पडावयाचा प्रश्न त्याहून निराळा आहे. ज्या माणसाला आपल्या देहाविषयी काही सांगावयाचे आहे, त्याच्या हाती हे गद्य कोणते शब्द देते, आणि त्या शब्दांनी त्याचे सांगणे सुकर होते की अडते? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका मर्यादित क्षेत्रात तपासावयाचा आहे. व्यसने, देहाची जाणीव आणि कामजीवन ह्या तिहींचा परस्परसंबंध हे ते क्षेत्र होय.

हा संबंध वैद्यकाने आता पुरेसा उलगडला आहे, तेव्हा तो आरंभीच थोडक्यात सांगून मोकळे व्हावे हे बरे. पुरुषाच्या लिंगाचे ताठरणे ही मुख्यतः रक्ताभिसरणाची घटना आहे. रोहिण्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, रोहिण्या सैलावतात व रक्त भरते. तंबाखूने नेमके हेच अस्तर बिघडते. आणि लिंगातील रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे हृदयविकाराची पूर्वसूचना पुष्कळदा शय्यागृहात मिळते. मद्य मज्जासंस्थेला मंदावते. दीर्घकाळच्या मद्यपानाने वृषणांचे कार्य खालावते, यकृत बिघडून स्त्री-पुरुष संप्रेरकांचा तोल ढळतो आणि मज्जातंतूही निकामी होऊ लागतात. अफूच्या वर्गातील द्रव्ये मेंदूकडून जननग्रंथींना जाणारा आदेशच दाबून टाकतात. त्यामुळे पुरुषाची इच्छा मावळते व स्त्रीची पाळी अनियमित होते. ह्या सर्व गोष्टी मापता येतात. परंतु त्या मापण्याच्या आधी कोणी तरी ‘मला असे असे होते’ हे वाक्य उच्चारावे लागते. ते वाक्य हा आमचा विषय आहे.

‘व्यसन’ ह्या शब्दापासून आरंभ करू. ‘अस्’ म्हणजे फेकणे ह्या संस्कृत धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे. माणसाला त्याच्या हितापासून दूर भिरकावून देणारे ते व्यसन, असा कौटिल्याचा अभिप्राय आहे. अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण सबंध व्यसनांचेच आहे. पण तेथे द्यूत व मद्यपान ह्यांच्या जोडीला पूर, आग, रोगराई व दुष्काळ हीदेखील व्यसनेच मानली आहेत. म्हणजे हा शब्द मुळात राज्यावर कोसळणाऱ्या आपत्तीचा होता. व्यक्तीच्या सवयीचा तो पुढे झाला. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची अठरा व्यसने मोजली आहेत, त्यांपैकी दहा कामातून व आठ क्रोधातून उद्भवणारी. कामज दहांत मृगया, द्यूत, दिवसाची झोप, मद्य, नृत्य-गीत-वाद्य ही जशी येतात, तशाच ‘स्त्रिया’ही येतात. ह्या यादीकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. तीत मद्य आणि स्त्री एका पंक्तीत बसली आहेत, आणि व्यसन करणारा पुरुष, किंबहुना राजा, हे गृहीतच आहे. ‘बाई-बाटली’ हा आजच्या मराठीतला जोडशब्द ह्याच यादीचा थेट वंशज म्हणावयास हरकत नाही.

युरोपीय भाषांतील ज्या शब्दाचा पर्याय म्हणून आपण ‘व्यसन’ वापरतो, त्याचा इतिहास वेगळ्या ठिकाणाहून येतो. रोमन कायद्यात कर्ज न फेडणाऱ्या ऋणकोला न्यायाधीश धनकोच्या स्वाधीन करी. अशा माणसाला ‘अ‍ॅडिक्टस’ म्हणत. तेथे कल्पना बंधनाची आहे, येथे विक्षेपाची. आणि आपल्याकडे फार्सी-अरबीतून आलेला ‘अंमल’ हा शब्द तिसरीच कल्पना मांडतो. पेशव्यांचा अंमल आणि अफूचा अंमल ह्यांत मराठीने शब्दभेद केला नाही. द्रव्य देहावर राज्य करते असे ती मानते. तीनही रूपके अर्थपूर्ण आहेत. मात्र व्युत्पत्ती म्हणजे युक्तिवाद नव्हे, हे आमच्या विषयात वारंवार विसरले जात असल्यामुळे येथे नमूद करून ठेवतो. शब्दाचा उगम त्याचा आजचा अर्थ ठरवीत नाही. तो फक्त कोणत्या दिशेला घसरण सुलभ आहे हे दाखवितो.

व्युत्पत्तीपेक्षा अधिक बोलके आहे ते व्याकरण. मराठीत माणूस व्यसन क्वचितच ‘करतो’. व्यसन त्याला लागते, जडते, सवय पडते, चटक लागते, नाद लागतो, तलफ येते. ही क्रियापदे आणखी कोठे येतात ते पाहावे. रोग जडतो, भूत लागते, भूक लागते, झोप येते, ठसका लागतो. अनुभव घेणारा चतुर्थीत आणि अनुभव प्रथमेत अशी ही रचना आहे. ‘मला भूक लागली’ ह्या वाक्यात कर्तृत्व भुकेकडे आहे, माझ्याकडे केवळ जाणीव. मराठी व्याकरणकारांनी ह्या रचनेची चर्चा पुष्कळ केली आहे. तिचा आरोग्यविषयक परिणाम मात्र लक्षात घेतला गेलेला दिसत नाही. ‘मला तंबाखूची तलफ आली’ हे वाक्य देहात घडणाऱ्या एका प्रसंगाची विलक्षण अचूक नोंद करते. त्यात निंदा नाही, कबुलीही नाही. उलट ‘मी व्यसनी आहे’ ह्या वाक्यात देह नाहीसा होऊन केवळ निवाडा उरतो. पहिल्या वाक्याचा वक्ता पुढे विचारू शकतो : केव्हा येते? कोठे जाणवते? किती वेळ टिकते? दुसऱ्या वाक्यानंतर विचारण्यासारखे काही राहत नाही, पश्चात्ताप तेवढा राहतो.

हे केवळ शब्दांचे कौतुक नव्हे. देहाच्या आतल्या अवस्थांची जी संवेदना मेंदूला पोचते तिला शेरिंग्टन ह्या शरीरशास्त्रज्ञाने १९०६ साली एक स्वतंत्र संज्ञा दिली. मराठीत तिला ‘अंतःसंवेदना’ म्हणता येईल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, मेंदूतील इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्या धूम्रपानी रुग्णांपैकी पुष्कळांची तलफच नाहीशी झाली व त्यांना सिगारेट सोडणे अनायासे जमले. हा भाग अंतःसंवेदनेशी संबद्ध आहे. तेव्हा तलफ ही देहाच्या जाणिवेचाच एक प्रकार आहे हे जे मराठीचे व्याकरण पूर्वीपासून सांगत होते, त्याला प्रयोगशाळेतून दुजोरा मिळाला, असे थोड्या धारिष्टाने म्हणता येईल. आणि भूक, तलफ व कामेच्छा ह्या तिन्ही एकाच वाक्यरचनेत बसतात, हाही निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

स्त्रियांच्या बाबतीत भाषा काय करते? व्यसनी हा शब्द ऐकताच मराठी मनापुढे पुरुष उभा राहतो. ‘एकच प्याला’मधील सुधाकराने तो अधिकच पक्का केला. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आलेल्या ह्या नाटकाने मद्यपानाचे जे चित्र घरोघर नेले, त्यात संसार, अब्रू व पैसा ह्यांची धूळधाण आहे; दाम्पत्याच्या देहांवर मद्याने काय ओढवते ह्याला त्यात वाव नाही, आणि त्या काळच्या रंगभूमीकडून ती अपेक्षाही करता येत नाही. परंतु पुढे व्यसनविषयक गद्यानेही तीच चौकट उचलली : पिणारा तो, सोसणारी ती. ह्या चौकटीत न बसणारी गोष्ट म्हणजे मिशेरी. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासणाऱ्या बाईला कोणी व्यसनी म्हणत नाही. ती ‘मिशेरी लावते’. ‘लावणे’ हे क्रियापद मलमाचे, तेलाचे, कुंकवाचे. त्याने ही कृती औषध व प्रसाधन ह्यांच्या घरात जाऊन बसते. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत तोंडात तंबाखू धरणाऱ्या वा लावणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले. ‘तुम्हाला काही व्यसन आहे का?’ असे प्रसूतिगृहात विचारल्यास ह्या माता प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील. ‘तुम्ही मिशेरी लावता का?’ असे विचारले तर उत्तर मिळेल. एका क्रियापदाचा हा प्रश्न आहे.

जेथे व्यसन आहे तेथे हा शब्द पोचत नाही. आणि जेथे नाही तेथे मात्र तो मुक्तपणे वापरला गेला आहे. हस्तमैथुनाला मराठी उपदेशपर गद्याने ‘दुर्व्यसन’, ‘कुटेव’, ‘हस्तदोष’ अशी नावे दिली. ह्यांतील ‘दोष’ हे उत्तरपद विशेष विचारणीय आहे. झोपेत आपोआप होणाऱ्या वीर्यपतनाला ‘स्वप्नदोष’ म्हणताना इच्छेचा संबंध नसलेल्या एका शारीरिक घटनेवरही आपण दोषारोप करतो. त्याच घटनेस ‘स्वप्नावस्था’ असा जो दुसरा शब्द मराठीत चालत असे, तो केवळ अवस्था सांगतो. तो मागे पडावा आणि ‘दोष’ टिकावा ही गोष्ट खेदाची आहे. ह्या भीतीचे मूळ सर्वस्वी आपल्या परंपरेत शोधण्याचा प्रघात आहे, तो अपुरा होय. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये एक निनावी पुस्तिका निघाली, आणि १७६० साली तिसो ह्या स्विस वैद्याने तिच्यातील धास्तीला वैद्यकीय ग्रंथाचे रूप दिले. हस्तमैथुनाने क्षय, आंधळेपण व वेड ह्यांना आमंत्रण मिळते ही समजूत युरोपात दीडशे वर्षे प्रतिष्ठित होती. इंग्रजी विद्येबरोबर ती येथे आली तेव्हा तिला आधीच तयार असलेली जमीन मिळाली. ती जमीन म्हणजे ‘धातू’.

आयुर्वेदाने रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शुक्र असे सात धातू मानले. पूर्वीच्यापासून पुढचा बनतो आणि शुक्र हा शेवटचा. ‘धा’ म्हणजे धारण करणे. देहाला धारण करतात म्हणून ते धातू. (व्याकरणातही क्रियापदाच्या मूळ रूपास आपण धातूच म्हणतो, तेथेही जे सर्व रूपांखाली टिकून राहते ते, असाच भाव आहे.) आता बोलीत काय झाले? सातांपैकी सहा धातू गळाले आणि ‘धातू’ म्हणजे केवळ शुक्र असा अर्थसंकोच झाला. पण धारणेची सगळी जबाबदारी त्या एकट्यावर येऊन पडली. त्यामुळे ‘धातू जातो’ हे वाक्य ‘वीर्य बाहेर पडते’ ह्या वाक्याचा पर्याय राहिले नाही. त्याचा अर्थ, देहाचा आधार निसटतो, असा झाला. थकवा, कंबरदुखी, विसरभोळेपणा, अभ्यासात लक्ष न लागणे, जे काही असेल ते ह्या एका वाक्याखाली आले. १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग ह्यांनी अशा रुग्णांच्या तक्रारसमूहाला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या रोगवर्गीकरणात त्याचा उल्लेख झाला. अर्थसंकोचासारख्या एका भाषिक घटनेची अशी वैद्यकीय नोंद व्हावी, हे आमच्या शास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक मनावर घ्यावयास हवे होते.

ह्या सर्व शब्दजाळाशी एकट्याने झुंज देणारा गद्यलेखक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. १८८२ ते १९५३ हा त्यांचा जीवनकाल. विल्सन महाविद्यालयातील गणिताचे हे प्राध्यापक १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढतात, १९२५ साली त्यापायी नोकरी सोडतात आणि जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवितात, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यांच्यावर १९३१ साली खटला झाला व दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि तरीही दंडच झाला. ज्या प्रश्नोत्तरांवर आक्षेप आला त्यांत हस्तमैथुनाचा विषय होता, हे येथे महत्त्वाचे.

कर्व्यांच्या गद्याचा विशेष त्यांच्या मतांत जितका आहे तितकाच त्यांच्या विशेषणशून्यतेत आहे. ते शब्द घेतात, त्याची व्याख्या करतात, आणि व्याख्येबाहेरचा अर्थ त्याला चिकटू देत नाहीत. गणिती मनुष्याची ही सवय त्या काळच्या अलंकृत मराठीत अगदी उठून दिसते. वाचकाच्या तक्रारीतील ‘दुर्व्यसन’ त्यांच्या उत्तरात येते तेव्हा ते एक सामान्य क्रियापद झालेले असते, आणि भीतीचे ओझे वाटेतच कोठे तरी उतरलेले असते. माझ्या मते १९३४ च्या खटल्यातील खरा आक्षेप हाच होता. विषय निघाला ह्यापेक्षा तो दोषवाचक शब्दांविना निघाला, हे समाजाला अधिक झोंबले. मासिकाचे नावही ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ‘आरोग्य’ म्हणजे रोगाचा अभाव. ‘स्वास्थ्य’ म्हणजे स्वतःच्या ठायी असणे. आपल्यापासून दूर भिरकावणारे ते व्यसन आणि आपल्या ठायी ठेवणारे ते स्वास्थ्य, हा विरोध कर्व्यांना अभिप्रेत होता की नाही हे सांगता येणार नाही, आणि वर दिलेला इशारा आठवून त्याचा मोह मी आवरतो.

तथापि कर्व्यांच्या गद्याची एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्यातील देह बहुधा बाहेरून पाहिलेला आहे. कामेच्छा ही भुकेसारखी नैसर्गिक गरज आहे आणि ती स्त्रीलाही असते, हे ते निर्भयपणे सांगतात. परंतु ती जाणवते कशी, कोठे अडते, केव्हा विझते, ह्याचे वर्णन करण्यासाठी जी आतून बोलणारी भाषा लागते ती त्यांच्यापाशी नाही. भ्रम दूर करणे हे त्यांचे काम होते व ते त्यांनी केले. भ्रम गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागी कोणती जाणीव यावी, हा प्रश्न त्यांनी वाचकावर सोपविला. आणखी एक गोष्ट. १९२३ साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘गुप्तरोगांपासून बचाव’ असे आहे. बोलीत ‘परमा’ व ‘गरमी’ असे दोन निरनिराळ्या रोगांचे दोन स्पष्ट शब्द असताना ‘गुप्तरोग’ हा झाकणारा शब्द ह्या सर्वांत उघड बोलणाऱ्या लेखकालाही टाळता आला नाही, इतकी प्रमाणभाषेची पकड घट्ट होती.

आता व्यसन व कामजीवन ह्यांच्या मधल्या दुव्याकडे येऊ. ‘स्तंभन’ हा तो शब्द. वीर्यपतन लांबविणे एवढाच त्याचा अर्थ. परंतु लोकसमजुतीत पौरुषाचे ते मुख्य माप ठरले. मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत ह्या कामासाठी अफू घातलेला योग सांगितला आहे, आणि आधुनिक औषधशास्त्रही अफूचा हा तात्कालिक परिणाम नाकारत नाही. परंतु तो होतो तो संवेदना मंदावल्यामुळे. म्हणजे बधिरतेला बळ म्हणावयाचे, असा हा व्यवहार आहे. मद्याविषयीची समजूतही ह्याच घरातली : संकोच गेला म्हणून सामर्थ्य आले असे वाटते, वस्तुतः जाणीव गेलेली असते. आणि दीर्घकाळाने तेच द्रव्य इच्छा व ताठरता दोन्ही नेते. तेव्हा माणूस ‘कमजोरी’ची तक्रार घेऊन पुन्हा एखाद्या शक्तिवर्धकाच्या जाहिरातीकडे वळतो. १९५४ च्या आक्षेपार्ह औषध-जाहिरातींविषयीच्या कायद्याने कामशक्ती वाढविण्याच्या जाहिरातींना बंदी केली आहे; ‘कमजोरी’ हा शब्द मात्र भिंतींवरून हटलेला नाही. तो रोगाचे नाव नाही, अवयवाचे नाही, संवेदनेचेही नाही. म्हणूनच तो विकावयास इतका सोयीचा.

मराठीत देहसंवेदनेचे शब्द नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. पोट ढवळते, गुरगुरते, त्यात कालवते; छाती धडधडते; दाढ ठणकते; पायाला मुंग्या येतात; त्वचा चुणचुणते. इतकी सूक्ष्म क्रियापदे असलेली भाषा कमरेखाली आली की एकाएकी मुकी होते. तेथे ‘खाली’, ‘तिकडे’, ‘जागा’ आणि ‘अंग’ एवढेच उरते. बाई ‘अंगावरून जाते’ म्हणते आणि वैद्याने रक्त की पांढरे हे विचारून घ्यावयाचे. ‘अंग बाहेर येते’ म्हणते तेव्हा त्याच ‘अंगा’चा अर्थ गर्भाशय असा होतो. लघवीच्या जळजळीला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, ऋतूशी देहाचे नाते सांगणारा आहे, पण संसर्गजन्य रोगाची आगही त्याखाली सहज झाकली जाऊ शकते. अवयवांना नावे आहेत ती दोन टोकांची : एक शिवीची, दुसरी संस्कृत पाठ्यपुस्तकाची. मधली बोली, जी आई मुलीशी किंवा नवरा-बायको परस्परांशी बोलतील, ती ह्या ठिकाणी घडलीच नाही. जो अवयव शिवीतच भेटतो त्याची जाणीव शरमेखेरीज कशी व्हावी?

‘देहभान’ हा शब्द आपल्यापाशी आहे आणि तो मोठा प्रतिष्ठित आहे. परंतु तो कोणत्या क्रियापदांबरोबर येतो ते पाहावे. देहभान विसरते, हरपते, सुटते, राहत नाही. ‘देहभान आले’ किंवा ‘देहभान ठेवले’ असे मराठी माणूस क्वचितच म्हणेल. आपल्या भाषेने देहभानाचा गौरव केला तो ते हरपण्याच्या क्षणी. कीर्तनात, गाण्यात, प्रेमात. ‘धुंद’, ‘मस्त’, ‘तल्लीन’ ह्या शब्दांची ये-जा भक्ती, प्रणय आणि मद्य ह्या तिन्ही घरांत मोकळेपणाने चालते. ह्यात काही गैर आहे असे सुचवावयाचे नाही. उत्कटतेला स्वतःची भाषा लागतेच. पण परिणाम असा की, देहाची शांत, रोजची, कोरी जाणीव सांगण्यास जो शब्द सर्वांत जवळचा, तो आपण आधीच निषेधरूपाने खर्च करून बसलो आहोत.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. देहाकडे लक्ष असणे हे नेहमीच हितकर असते असे नाही. लघवीच्या भांड्यात पांढरेपणा शोधणारा तरुण देहाविषयी बेफिकीर नसतो. तो देहावर पाळत ठेवून असतो. मास्टर्स व जॉन्सन ह्यांनी १९७० साली लैंगिक अडचणींविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात समागमाच्या वेळी स्वतःकडेच परक्याप्रमाणे पाहण्याच्या वृत्तीचे, प्रेक्षकपणाचे, वर्णन आहे. आणि त्यावर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे फलाची अपेक्षा बाजूला ठेवून केवळ स्पर्शाची संवेदना अनुभवणे. ‘भान’ आणि ‘पाळत’ ह्या दोन शब्दांत मराठीने हा भेद सहज करून ठेवला आहे. भान अनुभवणाऱ्याचे असते, पाळत पहारेकऱ्याची. धातूच्या भीतीने पाळत वाढते, मद्याने भान जाते, आणि एकाच माणसाच्या ठायी दोन्ही एकाच वेळी नांदू शकतात. पाळत असह्य झाली म्हणून भान घालवावयास तो पितो, हा क्रम मुळीच दुर्मिळ नाही. उपदेशपर गद्य अशा माणसाला संयम शिकवू पाहते, म्हणजे पहारा दुप्पट करते.

व्यसनमुक्तीच्या गद्याने ह्या बाबतीत काही नवे आणले हे मान्य केले पाहिजे. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले आणि त्याच सुमारास अनिल अवचटांच्या लेखनातून गर्दच्या व्यसनाचे जग मराठी वाचकापुढे आले. त्या जगातला ‘टर्की’ हा शब्द, द्रव्य तोडल्यावर देहात उठणाऱ्या कल्लोळाचा, इंग्रजीतून उचललेला असला तरी पूर्णपणे देहाचा आहे. त्यात ना दोष आहे ना पुण्य. पंडितांनी घडविलेल्या कोणत्याही संज्ञेपेक्षा तो मला अधिक उपयुक्त वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली व्यसनवाचक जुनी संज्ञा सोडून ‘अवलंबन’ ह्या अर्थाची संज्ञा सुचविली होती, तीमागे हाच हेतू होता. मराठीने मात्र ‘व्यसनाधीनता’ घडवून जुन्यावरच नवे मजले चढविले.

अलीकडे ‘सेक्स अ‍ॅडिक्शन’ ह्या शब्दाचे ‘लैंगिक व्यसन’ असे भाषांतर वृत्तपत्री गद्यात रूढ होऊ लागले आहे, त्याविषयी सावध करणे भाग आहे. मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात, आवरता न येणाऱ्या व आयुष्याची हानी करणाऱ्या लैंगिक वर्तनाचा विकार समाविष्ट आहे. पण तो आवेगनियंत्रणाच्या विकारांत घातला आहे. जुगार व संगणकीय खेळ जेथे ठेवले त्या व्यसनांच्या गटात तो घातलेला नाही. शिवाय, केवळ स्वतःच्या नैतिक निषेधामुळे वाटणारे दुःख हे निदानास पुरेसे नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. मराठीत ‘लैंगिक व्यसन’ म्हटले की ही दोन्ही पथ्ये मोडतात. मनूच्या यादीपासून चालत आलेले सर्व ओझे त्या शब्दावर चढते, आणि ज्या तरुणाला कर्व्यांनी ‘दुर्व्यसना’तून सोडविले त्याला आपण नव्या इंग्रजी छपाईच्या त्याच कोठडीत परत नेतो.

राहता राहिला प्रश्नावल्यांचा प्रश्न, आणि तो आमच्यासारख्या विभागांच्या थेट कक्षेतला आहे. मद्यपानाची पाहणी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या ‘ऑडिट’ ह्या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत. त्यांपैकी एकही कामजीवनाविषयी नाही. पुरुषांच्या लैंगिक कार्याविषयी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या व जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत पंधरा प्रश्न आहेत. त्यांत मद्य वा तंबाखूचे नाव नाही. मराठी रुग्णापुढे ह्या दोन्ही भाषांतरित होऊन येतात. पहिलीत ‘एक ड्रिंक’ म्हणजे क्वार्टर की पेला हे ठरवावे लागते. दुसरीत ‘इच्छा’ लिहावे तर ती चहाचीही असते, ‘वासना’ लिहावे तर पाप येते, ‘कामेच्छा’ लिहावे तर अर्ध्या उत्तरकर्त्यांना कामाची, म्हणजे कष्टाची, इच्छा वाटते. ‘मनात येणे’ हे क्रियापद अद्याप कोणी वापरून पाहिलेले माझ्या वाचनात नाही. ‘गेल्या चार आठवड्यांत तुमच्या मनात किती वेळा आले?’ ही रचना चतुर्थीच्या त्या जुन्या घराला लागूनच आहे, निर्दोष आहे, आणि पती-पत्नींच्या बोलण्यात ती आजही चालते. तलफ, भूक व हे ‘मनात येणे’ अशा तिहींविषयी एकाच बैठकीत, एकाच प्रकारच्या वाक्यांत विचारणारी छोटी प्रश्नावली कोल्हापूर, वऱ्हाड व कोकण ह्या तीन भागांतील बोलींत घडवून पाहणे हे दोन पदव्युत्तर प्रबंधांचे काम आहे. मिशेरीचा प्रश्न तीत वेगळा, आणि ‘लावता का’ असाच, ठेवावा लागेल.